काळ्या पट्ट्यांची गिटार

आत्याने मला पेटी शिकवली ती फक्त काळ्या पट्ट्यांवर. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. सांगलीच्या घरी माजघरात तिच्या भजनी मंडळाची पेटी असायची. भात्याची घडी एका बाजूला फाटलेली, त्यावर कापडाचा तुकडा खळीने चिकटवलेला. ‘काळी तीनला सा धर,’ ती म्हणायची, ‘आणि पांढऱ्यांना हातच लावू नकोस. मग चुकायची सोयच नाही.’ खरंच नव्हती. काळी तीन, काळी चार, काळी पाच, मग वरची काळी एक, काळी दोन आणि पुन्हा काळी तीन. सा रे ग प ध सा. मध्यम आणि निषाद वाटेत येतच नाहीत. बोट कुठेही पडलं तरी ते भूप रागातच पडतं. पुढे तिने दाखवलं की पट्ट्या त्याच ठेवून काळी पाचला सा मानला की मालकंस निघतो आणि काळी एकला मानला की दुर्गा. त्या दिवशी मला घरात जादूची पेटी असल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. पुण्यात नोकरीला लागल्यावर कर्टिस मेफील्ड हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक-गिटारवादक ऐकायला लागलो आणि एका रात्री त्याच्या गिटारीबद्दल वाचताना ते परत आलं. गिटारीच्या सहा तारा जगभर एका ठरलेल्या पद्धतीने लावतात. कर्टिस त्या तशा लावत नसे. लहानपणी तो कानाने पियानो वाजवायचा, काळ्या पट्ट्यांवर. गिटार हातात आली तेव्हा ती कशी लावायची हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने पियानोच्या त्याच काळ्या पट्ट्यांवरून तारा जुळवून घेतल्या. एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प. मी कागदावर आपल्या भाषेत लिहून काढलं. एफ शार्प म्हणजे आपली काळी तीन. खालून वर वाचलं तर सा ग प सा ग सा.

काळी तीनचा सा! आत्याचा सा.

मी लगेच माझ्या गिटारीवर ते लावायला घेतलं. तीन तारा अर्ध्या सुराने उतरवाव्या लागतात, एक अर्ध्या सुराने चढवावी लागते आणि पहिली व शेवटची पूर्ण सुराने. पहिली तार वर ओढताना तुटली. दुसरी घातली. जमल्यावर तारांवरून नुसता अंगठा फिरवला आणि बराच वेळ पुढे काही वाजवलंच नाही. डाव्या हाताने काहीही न दाबता अख्खी गिटार सुरात होती. नेहमीच्या लावणीत मोकळ्या तारा छेडल्या तर त्यांना काही अर्थ नसतो, बोटांनी दाबून तो आणावा लागतो. इथे तो आधीच होता, तंबोऱ्यासारखा.

तंबोऱ्याची आठवण उगाच आली नाही. आमच्याकडून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या गल्लीत तंबोरे, सतारी बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथे कोणी गायक तंबोरा घ्यायला आला की त्याला पहिला प्रश्न असतो, पट्टी कोणती? गळ्याची पट्टी आधी, तार नंतर. वाद्य माणसाप्रमाणे लागतं यात आपल्याला काही नवल वाटत नाही. गिटारीच्या जगात मात्र ते नवल होतं. पुढे मोठा झाल्यावर कर्टिस अभिमानाने सांगायचा की कितीही तयारीचा वादक असो, त्याची गिटार हातात घेतली की त्याला ती वाजवता येत नसे. नावलौकिक मिळाल्यावर, उत्तमोत्तम वादकांच्या संगतीत राहूनही, त्याने ती लावणी बदलली नाही.

त्याची सगळी कारकीर्द मला या एका गोष्टीतून ऐकू येते.

त्याचा जन्म 3 जून 1942 चा, शिकागोचा. वडील लवकरच घर सोडून गेले. आई मॅरियनने मुलांना वाढवलं, सरकारी वसाहतींमधून बिऱ्हाड हलवत हलवत अखेर काब्रिनी-ग्रीन या वसाहतीत आणलं. गरिबी इतकी की पुढे आयुष्यभर पैशाच्या बाबतीत तो कोणावर विसंबून राहिला नाही. आजी अ‍ॅनी बेल एका छोट्या चर्चमध्ये प्रवचन करायची, ‘ट्रॅव्हलिंग सोल्स स्पिरिच्युअलिस्ट चर्च’ असं त्याचं नाव. गॉस्पेल गाणं तिथे त्याच्या कानावर पडलं. तिथेच त्याला जेरी बटलर भेटला. कर्टिसपेक्षा वयाने थोडा मोठा आणि आवाज खर्जातला, जाड सायीसारखा. दोघे आधी गॉस्पेल गटात गायचे, मग टेनेसीतून आलेल्या तिघांबरोबर त्यांनी ‘द इम्प्रेशन्स’ उभा केला. 1958 मध्ये त्यांचं ‘फॉर युअर प्रेशस लव्ह’ गाजलं. तेव्हा कर्टिस सोळा वर्षांचा.

तबकडीवर नाव छापलं गेलं ‘जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स’. पाच जण एकत्र गात असताना एकाचंच नाव पुढे आलं, त्यावरून मनं दुखावली आणि बटलर वेगळा झाला. उरलेल्यांचं काही खरं नव्हतं. कर्टिस बटलरबरोबर गिटार वाजवत फिरला, त्याच्यासाठी गाणी लिहिली, पैसे साठवले आणि त्या पैशातून इम्प्रेशन्स पुन्हा उभा केला. 1961 चं ‘जिप्सी वुमन’ त्या दुसऱ्या जन्मातलं. पुढे गटात तिघंच उरले: कर्टिस, सॅम गुडन आणि फ्रेड कॅश. या तिघांची गाण्याची रीत मला फार आवडते. एकजण मुख्य आणि बाकीचे मागे असं तिथे नाही. ओळ एकाने उचलावी, दुसऱ्याने मध्येच घ्यावी, शेवटच्या शब्दाला तिघांनी एकत्र यावं. भजनी मंडळात बसलेल्या माणसाला ही देवाणघेवाण समजावून सांगावी लागत नाही.

आता त्याच्या आवाजाकडे येतो. चळवळीचं गाणं म्हणजे पहाडी आवाज, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. शाहिरांचे आवाज ऐकत आपण वाढलो, डफावर थाप पडल्यावर मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारे. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी नाही. पण कर्टिसने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यासाठी जी गाणी लिहिली, ती जवळजवळ कुजबुजत गायली आहेत. उंच, पातळ, हवेचं प्रमाण जास्त असलेला आवाज, ज्याला तिकडे फॉल्सेटो म्हणतात. तो ओरडत नाही. आपल्यालाच पुढे सरकून ऐकावं लागतं.

1965 च्या ‘पीपल गेट रेडी’ मध्ये एक आगगाडी येते आहे. सामान नको, तिकीट नको, फक्त श्रद्धा हवी. वरवर पाहिलं तर हे चर्चमधलं गाणं आहे. पण शिकागोच्या कृष्णवर्णीय घरात आगगाडी हे नुसतं रूपक नव्हतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेतं आणि तिथला जाच सोडून उत्तरेच्या शहरांत आली. त्यांतली कितीतरी शिकागोच्या स्टेशनवर गाडीतूनच उतरली. त्याआधी गुलामगिरीच्या काळात पळून जाणाऱ्यांना मदत करणाऱ्या गुप्त जाळ्यालाही लोक रेल्वेच म्हणायचे. म्हणजे आजीला, आईला आणि रस्त्यावरच्या माणसाला त्या एका गाडीत आपापली गाडी दिसत होती. मोर्च्यांत आणि चर्चमध्ये हे गाणं गायलं गेलं ते यामुळे. गाण्याच्या मध्यावर गिटारीचा एक छोटा तुकडा आहे. त्यात दाखवण्यासारखं काही नाही. दोन तारा एकदम छेडायच्या, एकीवरचं बोट अलगद पुढच्या सुरावर टेकवायचं, सोडायचं. तो नखी वापरत नसे, बोटांनीच छेडायचा, म्हणून स्वराची कड बोथट आणि उबदार येते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची हळुवार गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हा हात ओळखीचा वाटेल. हेंड्रिक्सने तो इथूनच उचलला आहे.

1967 च्या अखेरीस आलेलं ‘वी आर अ विनर’ अधिक थेट होतं. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तरीही कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज मात्र तोच, मऊ. शब्दांत धार आल्यावर गळाही ताणावा असं त्याला वाटलं नाही.

धंद्यातही त्याने आपली पट्टी सोडली नाही. त्या काळात कृष्णवर्णीय गायकांकडून चार पैशांवर गाण्यांचे हक्क लिहून घेणं सर्रास चालायचं. कर्टिसने विशीच्या आतबाहेर असतानाच आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांसाठी स्वतःची संस्था काढली. 1968 मध्ये मित्र आणि व्यवस्थापक एडी थॉमसबरोबर तबकड्यांची कंपनीही काढली. कर्टिसमधला ‘कर’ आणि थॉमसमधला ‘टॉम’ जोडून नाव ठेवलं कर्टम. स्वतःचा जेवढा भाग स्वतःच्या मालकीचा ठेवता येईल तेवढा ठेवावा, असं तो म्हणायचा. हे गोऱ्यांच्या वसाहतीतल्या मुलाने म्हटलं असतं तर व्यापारी शहाणपण वाटलं असतं. काही पिढ्यांपूर्वी ज्या माणसांचं शरीरही त्यांच्या मालकीचं नव्हतं, त्यांच्या पणतवाने ते म्हटलं की त्याचं वजन वेगळं होतं.

1970 मध्ये तो इम्प्रेशन्समधून बाहेर पडला आणि एकटा गाऊ लागला. इथून त्याचं फंक सुरू होतं. फंक म्हणजे काय हे मला आपल्या शब्दांत एवढंच सांगता येतं: सम सगळ्यांनी मिळून सांभाळायची आणि मधल्या जागेत प्रत्येकाने अगदी थोडं वाजवायचं. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन, त्याचे वादक त्या समेला नुसतं ‘द वन’ म्हणायचे. ब्राउनचं फंक मुठीसारखं आहे. कर्टिसचं तसं नाही. त्याच्यात हेन्री गिब्सन कोंगा वाजवतो, हातांनी, आणि ढोलकी ऐकत वाढलेला माझा कान पहिल्यांदा तिकडेच गेला. ‘मूव्ह ऑन अप’ हे त्याचं जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं आहे. शब्द निम्म्यावरच संपतात. उरलेला वेळ ताल, तुताऱ्यांसारखे चढणारे ब्रास आणि गिटारीचा एक सततचा खुळखुळाट. इंग्लंडमध्ये ते गाजलं, त्याच्या स्वतःच्या देशात तेव्हा फारसं चाललं नाही. 2005 मध्ये कान्ये वेस्ट या रॅपरने त्यातलेच ब्रास उचलून गाणं केलं, तेव्हा नव्या पिढीने ते ऐकलं.

1971 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ‘बिटर एंड’ या चिमुकल्या क्लबमध्ये त्याने पाच जणांच्या संचात केलेलं ध्वनिमुद्रण मला स्टुडिओतल्या तबकड्यांपेक्षाही प्रिय आहे. ब्रास नाहीत, व्हायोलिनं नाहीत. प्रेक्षक इतके जवळ की त्यांचा हुंकार ऐकू येतो. गाण्यांच्या मध्ये तो गप्पा मारल्यासारखा बोलतो. चार घरांच्या चौकात बैठक जमावी तसं वाटतं.

मग 1972, ‘सुपर फ्लाय’ हा चित्रपट. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका कोकेन विक्याची गोष्ट, दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स धाकटे. कर्टिसला पटकथा वाचून हुरूप आला होता, पण चित्रीकरण पाहिल्यावर ती कोकेनची जाहिरातच वाटायला लागली. नायकाची गाडी, नायकाचा कोट, नायकाचं ऐटीत चालणं. अशा वेळी संगीतकार काय करू शकतो? काम सोडू शकतो, किंवा डोळे मिटून करू शकतो. त्याने तिसरंच केलं. पडद्यावर जे दाखवलं जात नव्हतं ते गाण्यात लिहिलं. फ्रेडी नावाचं एक लहानसं पात्र आहे, दुबळा, सगळ्यांनी वापरलेला माणूस. तो मरतो आणि चित्रपट पुढे सरकतो. कर्टिस पुढे सरकला नाही. ‘फ्रेडीज डेड’ मध्ये त्याने त्याचं सुतक पाळलं. चित्रपटात या गाण्याचं नुसतं संगीत वाजतं, शब्द नाहीत. शब्द तबकडीवर होते आणि तबकडी चार आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे चित्रगृहातून ऐट पाहून आलेला पोरगा घरी जाऊन तबकडी लावायचा आणि तिथे त्याच गोष्टीचं दुसरं टोक ऐकायचा. त्याच 1972 साली मुंबईत तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेऊन दलित पँथर काढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण कर्टिस ज्या रस्त्यांबद्दल गात होता त्यांची हाक इथवर पोचत होती हे खरं.

1975 ची ‘देअर्स नो प्लेस लाइक अमेरिका टुडे’ ही त्याची सगळ्यात उघडीवाघडी तबकडी. मुखपृष्ठ मार्गारेट बर्क-व्हाइटच्या 1937 च्या छायाचित्रावरून केलेलं: वर मोटारीतून हसत चाललेलं गोरं कुटुंब जाहिरातीच्या फलकावर, खाली रांगेत ताटकळणारे कृष्णवर्णीय. आतली गाणीही तशीच, हाडं दिसतील इतकी कमी वाद्यं. ती फार खपली नाही. त्यानंतर डिस्को आलं आणि त्याने तेही करून पाहिलं. त्या तबकड्या मी पुन्हा लावत नाही. तिथे तालाने त्याला आपल्या पट्टीत ओढलं, एकदाच. 1980 च्या सुमारास कर्टम बंद पडली आणि तो अटलांटाला राहायला गेला.

13 ऑगस्ट 1990. ब्रुकलिनच्या विंगेट फील्ड मैदानावर उघड्यावरचा कार्यक्रम. हवा बिघडली होती. त्याचं नाव पुकारलं गेलं, तो गिटार घेऊन मंचावर आला आणि वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा त्याच्यावर कोसळला. मानेखालचं शरीर कायमचं गेलं. वय 48.

ज्या लावणीत दुसऱ्या कोणाची बोटं चालत नव्हती, तिच्यात चालणारी दोन बोटंही आता नव्हती. मी माझ्या गिटारीवर सा ग प सा ग सा लावून बसतो तेव्हा हा विचार मला दर वेळी गाठतो.

त्याहून कठीण गोष्ट श्वासाची होती. गाणं म्हणजे आधी भाता. पेटी वाजवणाऱ्याला हे हाताने कळतं: पट्टी दाबून काही होत नाही, मागून हवा यावी लागते. बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू निकामी झाल्यावर कर्टिसचा भाता जवळजवळ बंद पडला होता. बसून गाता येईना. मग ध्यानात आलं की पाठीवर उताणं झोपलं तर शरीराचं वजन श्वासाच्या मदतीला येतं आणि थोडा सूर निघतो. तसं झोपून, एका वेळी एक ओळ, अशी त्याने 1996 ची ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ गायली. एक ओळ, मग विश्रांती. पुढची ओळ. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी त्या ओळी जोडल्या. आवाज खाली आला आहे, पण गाण्याची रीत तीच, अजूनही न ओरडता. कधी कधी मला वाटतं, आयुष्यभर मोठ्या आवाजावर जगलेला गायक असता तर अशा श्वासावर त्याचं काहीच उरलं नसतं. कर्टिसला थोड्या हवेत गायची सवय होती.

1998 मध्ये मधुमेहामुळे त्याचा एक पाय काढावा लागला. 26 डिसेंबर 1999 रोजी जॉर्जियातल्या रॉझवेल इथे तो गेला, वय 57.

आत्या आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली आहेत. पेटी मी वाजवतो आणि ती सूर सांगते. गेल्या दिवाळीत मी तिला ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ऐकवलं. इंग्रजी तिला कळत नाही आणि मी गोष्टही काही सांगितली नव्हती. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरत ती ऐकत होती. मध्येच तिने ताल थांबवला.

‘अरे, हा श्वास कुठे घेतोय?’

मी म्हटलं, म्हणजे?

‘ओळ संपल्यावर श्वासाची जागा असते ना, तिथे याचा श्वासच ऐकू येत नाही. थेट पुढची ओळ.’

मग मी तिला सांगितलं. मैदान, वारा, सांगाडा, उताणं झोपून गाणं, एक ओळ आणि थांबणं. काळ्या पट्ट्यांचंही सांगितलं. ती काही बोलली नाही. पेटीचं झाकण उघडून तिने वाकड्या बोटाने काळी तीन दाबली. मी भाता मारला. सूर खोलीत नीट भरेपर्यंत तिने बोट उचललं नाही.

‘पुन्हा लाव ते,’ ती म्हणाली. ‘आता ओळी मोजू.’